बहिणीच्या दंडावरच्या तीन चकत्या

आईचं कातडं माझ्या बहिणीच्या पाठीवर नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी सकाळी सिस्टरने पट्टी सोडली तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. आदल्या खेपेला गुलाबी दिसलेलं ते कातडं आता जांभळट काळं पडलं होतं आणि कडेने सुटून भिजल्या कागदासारखं वर येत होतं. आई माझ्या शेजारी होती. तिच्या दोन्ही मांड्यांना अजून पट्ट्या होत्या. भिंतीला धरून ती वॉर्डापर्यंत आली होती. तिने एकदा पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. मग हळूच म्हणाली, "माझं कातडं माझ्याच लेकीला न्हाई चाललं व्हय?"

सिस्टरने चिमट्याने काळा तुकडा उचलून तसराळ्यात टाकला. बहीण पालथी पडली होती. तिला मागचं काही दिसत नव्हतं, पण ती विचारायला लागली, "काय झालं? आई का रडतीया? मला सांगा की कुणीतरी."

आम्ही दोघी जुळ्या. ती माझ्यापेक्षा अर्ध्या तासाने मोठी. घर दापोडीला, रेल्वेलाइनच्या कडेच्या आळीत. वडील वर्कशॉपात फिटर होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. बहिणीचं लग्न दोन वर्षांपूर्वी चाकणच्या पुढच्या एका गावात झालं होतं. मी राहिले होते. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि तिथे मुलींना घेत होते. मला बाटल्या तपासायचं काम मिळालं. दिव्यासमोर बाटली धरायची, उलटी करायची, आत कण दिसला तर बाजूला काढायची. दिवसभर तेवढंच. पण मला ते आवडायचं. पांढरा झगा, डोक्याला फडकं, आणि पगार आबांच्या हातात देताना त्यांच्या तोंडावर दिसायचं ते समाधान.

बहिणीच्या सासरी ऊस होता. पौषात त्यांचं गुऱ्हाळ लागलं की दहा-पंधरा दिवस घरातली बायामाणसं सगळी तिथेच. त्या दिवशी ती गुऱ्हाळावर माणसांच्या भाकरी घेऊन गेली होती. रसावरची मळी काढून बाजूला टाकतात, ती जमिनीवर पसरून निसरडं झालं होतं. गडी रसाची मोठी कढई, काहील, उतरवून रस ओतायच्या बेतात होते. त्यांच्या मागून जाताना हिचा पाय सटकला आणि ही तोंडावर पडली. तिला चुकवायला गेलेल्या गड्याचा हात ढळला, काहील कलली आणि उकळता रस तिच्या अंगावर आला. खांद्यापासून थेट गुडघ्यांच्या मागपर्यंत. पाणी असतं तर ओघळून गेलं असतं. गुळाचा रस चिकटून बसतो. कुणाचा दोष काढावा असं त्यात काही नव्हतं. गूळ पाडणारा गुळव्या नंतर कितीतरी दिवस जेवला नाही असं तिचा नवरा, आमचे दाजी, सांगायचे.

दाजींनी तिला केळीच्या पानांवर घालून बटाट्याच्या ट्रकमधून आणलं. नाशिक रस्त्याने भोसरी, मग कासारवाडी, आणि तिथून चिंचवडच्या बाजूला असलेलं एक लहानसं इस्पितळ. तिथे एक डॉक्टर होते, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईनंतर विलायतेत शिकून आलेले. भाजलेल्या माणसांवर ते उपचार करतात असं ऐकून लोक लांबून येत. वय पस्तिशीच्या आतबाहेर असेल. हळू बोलायचे. बोलताना चष्मा काढून हातात घेतला की आम्हाला कळायचं, आता वाईट काहीतरी सांगणार.

त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला. मला, आबांना आणि दाजींना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि स्वतः समोर उभे राहिले.

"मी आधीच सांगितलं होतं," ते म्हणाले, "आईंची कातडी ही उसनी आहे. पाठ उघडी राहिली तर अंगातलं पाणी जातं, जंतू आत शिरतात. तिला थोडे दिवस पांघरूण मिळावं म्हणून लावली. ती कायमची राहणार नव्हती."

त्यांनी तसं सांगितलं होतं, हे खरं. पण ते ऐकलं होतं कुणी? कातडं गुलाबी दिसायला लागल्यावर आबांनी देवाला नारळ फोडला होता.

"आई हाय ती तिची," आबा म्हणाले. "आई परकी कशी हुईल, साहेब?"

"शरीराला नातं कळत नाही. त्याला एवढंच कळतं, हे माझं आणि हे माझं नाही. आईचं असो, वडिलांचं असो, सख्ख्या भावाचं असो, माझं नाही म्हटलं की ते झटकून टाकतं."

"मग माझं लावा," दाजी म्हणाले. "मी तगडा हाय."

डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, आणि आज इतक्या वर्षांनी मला ते जवळजवळ शब्दन् शब्द आठवतं. लढाईत विलायतेत खूप माणसं भाजली. त्यांना दुसऱ्यांची कातडी लावून पाहिली, ती गळून पडायची. असं का होतं हे शोधायला एका शास्त्रज्ञाने सशांवर प्रयोग केले. त्याला दिसलं की एका सशाची कातडी दुसऱ्याला पुन्हा लावली तर ती पहिल्यापेक्षा लवकर पडते. "म्हणजे शरीर नुसतं ओळखत नाही," डॉक्टर म्हणाले, "ते लक्षात ठेवतं. आईंची पुन्हा लावली तर या वेळी नऊ दिवससुद्धा मिळणार नाहीत."

मला त्या वाक्याची भीती वाटली. माझ्या बहिणीच्या आत कुणीतरी बसलंय, आईला ओळखून तिच्यावर डूख धरून, असं काहीतरी मनात आलं.

"तिची स्वतःची कातडी?" दाजींनी विचारलं.

"घेतली तेवढी घेतली. अंगावर चांगली जागाच थोडी आहे. आणि ती अशक्त झाली आहे." मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तुम्ही जुळ्या ना?"

मी हो म्हटलं.

त्यांचं म्हणणं असं होतं. जुळी दोन प्रकारची. काही एकाच बीजाची, फुटून दोन झालेली. त्यांची शरीरं एकमेकांना परकी समजत नाहीत, त्यांची कातडी टिकते. दुसरी नुसतीच एका वेळी वाढलेली. ती साध्या बहिणींसारखी, त्यांची टिकत नाही. आम्ही दिसायला सारख्या होतो, पण अगदी एक नव्हतो. तिचं नाक जरा सरळ, माझी हनुवटी रुंद. आळीतली माणसं आम्हाला ओळखण्यात चुकत आणि घरातली कधीच चुकत नसत.

"जन्माच्या वेळी वार, म्हणजे बाळामागून पडते ती, एक होती की दोन, कुणाला माहीत आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "एक असली तर बीजही एकच, माझी काळजी बरीच कमी होईल."

आई बेशुद्ध झाली होती त्या वेळी. माहीत असलं तर फक्त सुईणीला. आमचा जन्म ताथवड्याचा, आईच्या माहेरी. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात रजा सांगितली आणि आबांबरोबर चालत ताथवड्याला गेले. हरभऱ्याची शेतं, मधेच ज्वारी, पायवाटेला दव. आबा एरवी वाटेत भेटेल त्याला राम राम घालत. त्या दिवशी मान खाली घालून चालले. मला आठवतं, मी मनात सारखी म्हणत होते, एक असू दे, एक असू दे. आणि मधेच, कुणीतरी ढकलावं तसं, दुसरं काहीतरी मनात यायचं. ते मी लगेच दाबून टाकायची.

सुईण ओट्यावर उन्हात बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू. आबांनी सगळं सांगितलं. तिने मला जवळ बोलावलं आणि तोंडावरून हात फिरवला. तिची बोटं राठ होती, पण हात हलका होता.

"ही धाकली," ती म्हणाली. "पायाळू. हिनंच लई तरास दिला."

"म्हातारे, वार एक व्हती का दोन?" आबांनी विचारलं.

"दोन." तिने क्षणभरही विचार केला नाही. "म्याच पुरल्या की. एक गोठ्यामागं, एक उकिरड्याच्या अंगाला. दोन व्हत्या."

आबा खाली बसले. परतीच्या वाटेवर ते फक्त दोनदा बोलले. "न्हाई सांगितलं डॉक्टरला तर?" मी चालत राहिले. पण पुढे गेल्यावर त्यांनीच मान हलवली आणि म्हणाले, "न्हाई, सांगाय पायजे."

इथे मला ते दुसरं काहीतरी सांगायला हवं. सुईण "दोन" म्हणाली तेव्हा मला हायसं झालं होतं. म्हणजे आता मला कापणार नाहीत, असं वाटलं. मी आईच्या मांड्या पाहिल्या होत्या. एका लांब पात्याने कातडीचा पापुद्रा काढतात, रुमालाएवढे रुमालाएवढे तुकडे. खाली उरतं ते लाल, ओलं, सोललेलं. आई पट्टी बदलताना ओठ चावायची आणि तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी गळायचं. मला सुईचीही भीती वाटायची. आणि त्यात भर म्हणजे तळेगावकडचं एक स्थळ आलेलं. पाहून गेले होते, होकार यायचा होता. मुलीच्या अंगावर वण आहेत हे कळलं तर काय, हे घरात कुणी बोलत नव्हतं. पण आई एकदा माझ्या परकराकडे पाहून उगाच डोळे पुसत होती. ते मला समजलं होतं.

डॉक्टरांनी आमचं ऐकून घेतलं आणि आम्हाला वाटलं होतं तसं मुळीच केलं नाही.

"दोन वारा असल्या म्हणजे दोन बीजं असं नक्की नाही," ते म्हणाले. "कधी कधी एकच बीज लवकर फुटलं तरी दोन वारा होतात. आता विचारायचं ते कातडीलाच. लहान तुकडे लावून बघू."

"मग थोडं थोडं कशाला, एकदाच सगळं लावा," दाजी उतावीळ झाले.

"नाही. नाही टिकली तर हिला फुकट सोललं असं होईल, आणि तिच्या पाठीवर पुन्हा एकदा सगळं सडेल. ते तिला सोसणार नाही." मग ते पुढे म्हणाले, "थांबण्यातही धोका आहे. मी लपवत नाही. रोज तिचा ताप चढतोय. पण आईंची कातडी नऊ दिवस होती. त्याच्या पुढे चांगली गेल्याशिवाय मी पातं हातात घेणार नाही. पंधरा दिवस."

माझ्या मांडीला बधिर करायची सुई टोचून त्यांनी दोन लहान चकत्या काढल्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या. तिसरी, ताडून बघायला, बहिणीच्याच छातीवरून काढली. तिन्ही तिच्या डाव्या दंडावर ओळीने बसवल्या. कुठली कुणाची ते त्यांनी एका कागदावर लिहिलं, कागद पाकिटात घातला आणि कपाटात ठेवला.

"माझी कुठली?" मी विचारलं.

"ते मलाही आठवायचं नाही," ते म्हणाले. "आठवलं तर मी हवं तेच बघीन."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. सकाळी कारखाना. दिव्यासमोर बाटली धरली की आतल्या पांढऱ्या भुकटीत मला काळे ठिपके दिसायचे. चांगल्या बाटल्या मी बाजूला काढत गेले, तेव्हा खात्याच्या बाईंनी जवळ येऊन विचारलं, बरं नाही का? मी रडायला लागले. त्यांनी मला पॅकिंगला बसवलं. सुट्टी झाली की चालत इस्पितळ. चार वाजता सिस्टर दंडावरची पट्टी सोडायची आणि मी वाकून बघायची.

पाचव्या दिवशी तिन्ही गुलाबी. सहाव्या दिवशी तिन्ही गुलाबी. बहीण माझ्या तोंडाकडे बघून ताडायची.

"काय दिसतंय?"

"चांगलं हाय."

"तिन्ही?"

"तिन्ही."

सातव्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला. ती बडबडत होती, गुऱ्हाळावर भाकरी पोचवायच्यात म्हणत होती. आमच्या कारखान्याचंच औषध तिला टोचत होते. ती बाटली कदाचित माझ्या हाताखालून गेली असेल, असं सिस्टर मला धीर द्यायला म्हणाली. मला धीर आला नाही. ताप संध्याकाळी थोडा उतरला तेव्हा बहिणीने माझं मनगट धरलं. तिचा हात कोरडा, गरम.

"खरं सांग," ती म्हणाली. "तुला द्यायचं न्हाई ना?"

"येडी हायेस का? असं कसं म्हनतीस?"

"मी तुझ्या जागी असते तर मला भ्या वाटलं असतं."

"मला न्हाई वाटत," मी म्हटलं, आणि मनगट सोडवून घेऊन तिच्यासाठी पाणी आणायला गेले. माठापाशी बराच वेळ उभी राहिले.

आठव्या दिवशी मधली चकती काळी पडली.

सिस्टरने पट्टी उचलली आणि मला आधी वाटलं, औषधाचा डाग आहे. तिने बोळा फिरवला. डाग गेला नाही. आईच्या कातडीचा झाला होता तसाच रंग, जांभळट, मग काळा. बाकीच्या दोन तशाच होत्या, पण मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्या मनात एकच आलं. संपलं. माझी नाही चालत. सुटले. आणि त्याच क्षणी माझी बहीण आता मरणार हेही मला तितकंच स्वच्छ कळलं. हे दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

डॉक्टर आले. वाकून, भिंग लावून पाहिलं. आबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाकीट आज उघडायचं नाही. अजून सात दिवस."

ते सात दिवस आमच्या घरात चूल पेटली की नाही, मला आठवत नाही. मधली चकती गळून पडली. बाकीच्या दोन मी रोज बघत होते आणि मला दोन्हींच्या कडा रोज लाल दिसायच्या. नव्हत्या लाल. सिस्टर म्हणायची, अगं, उजेडाकडे तोंड करून बघ. दाजी व्हरांड्यात बसून राहायचे. रस्त्यावरून ट्रक गेला की मान वर करायचे आणि पुन्हा खाली घालायचे. आई स्वतःच्या जखमा विसरून बहिणीला भाताची पेज भरवायची. एक घोट गेला की पुढच्या घोटासाठी चमचा तसाच हवेत धरून बसायची.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी कपाटातून पाकीट काढलं. आम्ही सगळे उभे होतो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचला. चष्मा काढलेला पाहून आईने माझा दंड घट्ट धरला होता.

"मधली हिची स्वतःची होती," ते म्हणाले.

कुणालाच कळेना.

"गेली ती तिची स्वतःची. खाली रक्त साचलं असावं, म्हणून धरली नाही. असं होतं. राहिल्या त्या दोन्ही..." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुझ्या."

आबांनी हात जोडले. आई हसत होती की रडत होती ते समजत नव्हतं. मी मात्र माझ्या मांड्यांवर हात ठेवले. आता मागे फिरायला जागाच नव्हती.

ऑपरेशन तिसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. त्याआधी मी बहिणीपाशी गेले. मला तिला सांगायचं होतं. कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून मी तसंच म्हटलं, "मधली काळी पडली तवा मला बरं वाटलं व्हतं. कापायला लागणार न्हाई म्हनून."

ती पालथीच होती, गाल उशीवर.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पाणी आनाया गेलीस तवाच कळलं. आता देनार हायेस का न्हाई तेवढं सांग."

"देनार हाय."

"मग जा. उगा रडू नगंस, डॉक्टर वरडंल."

इथरचा वास मला अजून कुठे आला की मळमळतं. तोंडावर जाळी, वरून थेंब थेंब, आणि सिस्टर आकडे मोजायला सांगतेय. मी सातपर्यंत मोजले असं तिने नंतर सांगितलं. शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही मांड्या पेटल्यासारख्या होत होत्या. पहिला आठवडा मी कुशीवरसुद्धा वळू शकले नाही. पट्टी बदलायची वेळ आली की मी आधीपासूनच थरथरायची आणि शेजारच्या खाटेवर आई बसलेली असायची, हात धरून.

बहिणीच्या पाठीवर माझी कातडी धरली. नववा दिवस गेला, दहावा गेला. दहाव्या दिवशी सिस्टरने पट्टी सोडताना आईने डोळे मिटून घेतले होते. मीच तिला सांगितलं, "बघ." कातडी गुलाबी होती, आणि दाबली की पांढरी होऊन पुन्हा गुलाबी होत होती. ताप उतरत गेला. पंधरवड्याने उरलेल्या जागेसाठी त्यांनी माझी आणखी थोडी घेतली. त्या खेपेला भीती कमी होती असं म्हणायला आवडलं असतं. कमी नव्हती.

याच दिवसांत एक गोष्ट घडली. आमच्या पलीकडच्या खाटेवर कासारवाडीतल्या एका मेकॅनिकची बायको होती. स्टोव्ह भडकून छाती आणि हात भाजलेले. मुसलमान माणसं, मूळची तिथलीच. तो नवरा रोज संध्याकाळी गॅरेजमधून तसाच यायचा, हाताला ग्रीस, दाराबाहेर नळावर हात घासघासून धुवायचा आणि मग आत येऊन तिला वारा घालायचा. तिलाही तिच्या भावाची कातडी लावली होती आणि तीही गळाली होती. आमच्याकडे काय झालं ते वॉर्डभर पसरलं होतं. एक दिवस तो माझ्या खाटेपाशी येऊन उभा राहिला. मी अजून पडूनच होते.

"ताई," तो म्हणाला, "तुमची चामडी टिकते म्हणतात. माझ्या बायकोला थोडी द्याल का? हातापुरती. जन्मभर तुमचे उपकार मानीन."

त्याला वाटत होतं, माझ्या कातडीतच काही गुण आहे. मी म्हटलं, "भाऊ, माझी फक्त माझ्या बहिणीलाच चालते. दुसऱ्या कुणाला नाही चालत."

"बघा तर करून," तो म्हणाला. "न चालली तर न चालली."

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी त्याला व्हरांड्यात नेलं. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं. डॉक्टरांनी त्याला तेच सगळं सांगितलं, ओळखणं, लक्षात ठेवणं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे जिला जुळी बहीण नाही, तिच्यासाठी काहीच नाही?"

"आज नाही," डॉक्टर म्हणाले. "शरीराला हे परकेपण विसरायला कसं लावायचं ते शोधतायत लोक. उंदरांत थोडं जमलंय. माणसांत अजून नाही."

"उंदरांत," तो म्हणाला.

त्याची बायको पुढच्या आठवड्यात गेली. दुपारची वेळ होती. त्याने तिच्या खाटेखालचा डबा, कंगवा आणि चपला एका पिशवीत भरल्या आणि जाताना माझ्या बहिणीकडे पाहून म्हणाला, "लवकर बरी हो, बहन." त्याच्या तोंडावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

चैत्रात बहीण घरी आली. आधी दापोडीला, मग दिवाळीनंतर सासरी. उजवा खांदा पुरता वर होत नसे आणि उन्हाळ्यात पाठीला घाम येत नाही म्हणून ती कासावीस व्हायची, ओलं फडकं टाकून बसायची. पण तिला पुढे दोन मुलं झाली आणि तिने शेतातली कामंही केली. तळेगावकडून नकार आला. कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मी कारखान्यात परत गेले, पुन्हा दिव्यासमोर बसले. तीन वर्षांनी माझं लग्न झालं ते खात्यातल्याच एकाशी. त्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं.

इस्पितळातून निघायच्या दिवशी मी डॉक्टरांना एकट्याने गाठून विचारलं होतं. "तिच्या अंगाला पुढं कधी कळलं तर? दहा वर्षांनी, वीस वर्षांनी? की हे माझं न्हाई म्हनून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जे वाचलंय त्यावरून कळायला नको. मी स्वतः एवढी वर्षं कुणाला बघितलेलं नाही." मग त्यांनी सांगितलं, अमेरिकेत जुळ्या भावांमध्ये एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलंय आणि तो माणूस हिंडतो-फिरतोय. त्यांनीही आधी कातडीचा असाच तुकडा लावून पाहिला होता. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला.

पुढे कितीतरी वर्षांनी वर्तमानपत्रात वाचलं, की आता जुळं नसलेल्या माणसाचंही मूत्रपिंड चालतं, शरीराची ती ओळख दाबून ठेवणारी औषधं निघाली आहेत, ती जन्मभर घ्यावी लागतात. मी ती बातमी दोनदा वाचली. बहिणीला वाचून दाखवली. ती शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "म्हंजी त्या मेकॅनिकची बायको आता वाचली असती?"

मी म्हटलं, "ठाऊक न्हाई. कातडीचं कायी लिहिलं न्हाई."

बहिणीने पुढची शेंग उचलली. मी तिच्या मागे जाऊन बसले आणि, जशी सवयच लागली होती, तिच्या पोलक्याच्या गळ्यातून दिसणाऱ्या पाठीच्या कडेकडे पाहून घेतलं. रंग नेहमीसारखाच होता.